तक्त्यावरचे सण आणि अकरा दिवसांची तूट

बालवाडीत आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत हल्ली ‘जगातले सण’ शिकवतात, ही फार चांगली गोष्ट आहे. चिनी नववर्षाचे लाल कंदील, ईदचा शीरखुर्मा, ख्रिसमसचं झाड, ज्यू लोकांच्या हनुक्काचे दिवे. मुलं पोशाख करून येतात, खाऊ वाटला जातो, गाणी होतात. मात्र भिंतीवरच्या तक्त्यात अनेकदा प्रत्येक सणापुढे एकेक महिना छापलेला असतो, आणि गडबड तिथेच होते. ‘रमजान ईद : एप्रिल’ असा २०२३ साली छापलेला तक्ता २०२५ मध्येच चुकीचा ठरला, कारण त्या वर्षी ईद मार्चअखेरीस आली. मुलांच्या हे लक्षात येतं. ‘मागच्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात होती, मग यंदा नोव्हेंबरात का?’ असं सहा वर्षांचं मूल विचारतं. ‘कॅलेंडरात तसं दिलंय’ एवढंच उत्तर देऊन आपण खगोलशास्त्राचा एक देखणा धडा वाया घालवतो.

१७ फेब्रुवारी २०२६ ची अमावास्या बघा. तिच्या दोन दिवस आधी महाशिवरात्र. अमावास्येच्या दिवशी चीन, व्हिएतनाम, कोरियात चांद्र नववर्ष. तोच मंगळवार गोव्यातल्या कार्निव्हलचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपूर्व उपवासकाळ, आणि चंद्रकोर दिसेल तसा १८-१९ तारखेला देशोदेशी रमजान. असं काही जुळून आलं की ‘शेकडो वर्षांनी आलेला दुर्मीळ योग’ असे संदेश फोनवर फिरू लागतात. ते पुढे ढकलण्याआधी थोडं गणित करावं. महाशिवरात्र वद्य चतुर्दशीची, म्हणजे ती अमावास्येला लागूनच येणार. चिनी नववर्ष अमावास्येलाच सुरू होतं. रमजान सगळ्या ऋतूंतून फिरत सुमारे ३३ वर्षांनी पुन्हा फेब्रुवारीत येतोच. राहिला कार्निव्हल. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. कार्निव्हलचा मंगळवार ईस्टरच्या ४७ दिवस आधी, म्हणजेच त्या पौर्णिमेच्या ४० ते ४६ दिवस आधी पडतो. चंद्राचे दीड महिने म्हणजे ४४ दिवस. पौर्णिमेतून दीड महिना मागे गेलं की अमावास्या! त्यामुळे कार्निव्हल दरवर्षीच अमावास्येच्या आसपास संपतो. यात चमत्कार नाही. हे सगळे लोक एकाच चंद्राकडे बघत आले आहेत, आणि माझ्या मते मुलांना सांगायची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

मग तारखा का सरकतात? एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. ऋतूंचं वर्ष ३६५ दिवसांचं. तूट सुमारे ११ दिवसांची.

लहान मुलांना ही तूट सांगण्यापेक्षा दाखवावी. वर्गाच्या भिंतीवर ३६५ सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी लावा. एक सेंटिमीटर म्हणजे एक दिवस. पावसाळा, थंडी, उन्हाळा तिच्यावर मुलांकडूनच रंगवून घ्या. मग दुसऱ्या रंगाची चंद्राची पट्टी करा, ३० आणि २९ सेंटिमीटरचे तुकडे आळीपाळीनं जोडून बारा तुकड्यांची. ती पहिलीच्या खाली लावली की टोकाला ११ सेंटिमीटर रिकामे राहतात, आणि मुलं ते स्वतः मोजतात. पुढच्या वर्षीची चंद्राची पट्टी जिथे पहिली संपली तिथून सुरू करायची, म्हणजे तिच्यावर चिकटवलेली ईद ११ सेंटिमीटर अलीकडे येते. इस्लामी कालगणना ही तूट भरत नाही. म्हणून रमजान कधी कडक उन्हाळ्यात येतो, कधी थंडीतल्या छोट्या दिवसांत.

दिवाळीचं तसं होत नाही. लक्ष्मीपूजनाच्या तारखा बघा : २०२३ मध्ये १२ नोव्हेंबर, २०२४ मध्ये १ नोव्हेंबर, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबर. अकरा-अकरा दिवसांनी मागे. आणि २०२६ मध्ये एकदम ८ नोव्हेंबर. मध्ये काय घडलं? अधिक ज्येष्ठ आला. तूट महिनाभराची झाली की पट्टीत एक जादा तुकडा घालायचा. मुलांना एवढं पुरे.

मोठ्यांनी मात्र पुढे यावं, कारण हा जादा तुकडा नेमका कुठे घालायचा याचा नियम मला मानवी बुद्धीच्या सुंदर करामतींपैकी एक वाटतो. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत. वर्षात बारा संक्रांती, सरासरी साडेतीस दिवसांच्या अंतरानं. चांद्रमास त्याहून लहान, साडेएकोणतीस दिवसांचा. त्यामुळे कधीतरी एखादा अख्खा चांद्रमास दोन संक्रांतींच्या मध्ये मावतो. ज्या महिन्यात संक्रांत नाही तो अधिक. २०२६ मध्ये सूर्य १५ मे रोजी वृषभेत शिरतो. १७ मेच्या पहाटे अमावास्या संपून महिना सुरू होतो, तो १५ जूनच्या सकाळी संपतो, आणि सूर्य मिथुनेत जातो त्याच दिवशी दुपारी. काही तासांच्या फरकानं तो महिना संक्रांतीवाचून राहिला.

आणखी एक गंमत आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगानं धावते, त्यामुळे सूर्य धनू रास साडेएकोणतीस दिवसांहूनही कमी वेळात ओलांडतो. मिथुनेत त्याला साडेएकतीस दिवस लागतात. साहजिकच अधिक महिना उन्हाळ्या-पावसाळ्यात वारंवार येतो आणि थंडीत जवळजवळ येतच नाही. उलट थंडीत क्वचित एकाच चांद्रमासात दोन संक्रांती पडतात आणि एक महिना गळतो. तो क्षयमास, १९८२-८३ मध्ये आला होता. ग्रह सूर्याजवळ असताना वेगानं धावतो, हा केप्लरचा दुसरा नियम असा आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दिसतो.

चिनी पंचांगाचा नियम जवळपास हाच आहे. फक्त ते सूर्याची स्थाने संपातबिंदूपासून (वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य जिथे असतो तिथून) मोजतात आणि आपण ताऱ्यांच्या संदर्भानं. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ परांचनामुळे, म्हणजे भोवऱ्यासारख्या डोलण्यामुळे, या दोन मोजण्यांत आता सुमारे २४ अंशांचं अंतर पडलं आहे. म्हणून त्यांचा जादा महिना २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आला आणि आपला २०२६ च्या मे-जूनमध्ये. मधल्या काळात एकानं तूट भरलेली आणि दुसऱ्यानं नाही. त्यामुळे चिनी नववर्ष ते गुढीपाडवा हे अंतर २०२५ मध्ये दोन महिन्यांचं होतं, २०२६ मध्ये एकच.

इतक्या बारकाईनं काढलेल्या या महिन्याला ‘मलमास’ म्हणून अशुभ ठरवणं, त्यात घर घ्यायचं नाही, काही नवं सुरू करायचं नाही म्हणून माणसांना अडवणं, हे मला मनापासून खटकतं. लेकी-जावयांना अनारशांचं वाण जरूर द्यावं. पण ही गणितातली दुरुस्ती आहे, तिला घाबरण्यासारखं काही नाही, हेही घरातल्या मुलांना त्याच वेळी सांगावं.

ज्यू लोकांनी हीच तूट ठरलेल्या चक्रानं भरली : १९ वर्षांत सात जादा महिने. १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास यांत जेमतेम दोन तासांचा फरक आहे. बाबिलोनच्या लोकांना हे माहीत होतं, आणि अथेन्सचा खगोलज्ञ मेटन यानं इ.स.पू. ४३२ मध्ये ते मांडलं. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल कुटुंबांचं नववर्ष याच चक्रानं ठरतं.

चंद्र सोडून दिला तरी सुटका नाही. मुंबईच्या पारशांचं शहेनशाही वर्ष बरोबर ३६५ दिवसांचं, लीप दिवसाशिवाय. दर चार वर्षांनी ते एक दिवस मागे जातं. इराणात वसंतसंपाताला येणारं नववर्ष त्यांच्याकडे असं सरकत ऑगस्टमध्ये पोचलं आहे.

तेव्हा सणांचा तक्ता जरूर लावा, पण महिन्यांच्या जागी ‘अमावास्येला’, ‘कोर दिसल्यावर’, ‘पौर्णिमेनंतरच्या रविवारी’, ‘दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा’ असं लिहा. रोज संध्याकाळी चंद्र बघून वहीत काढायला सांगा. ढग असतील तर ढग काढू देत. आणि भिंतीवरची पट्टी वर्ष संपलं म्हणून फाडू नका. २०२६ मध्ये पहिलीत असलेली मुलं २०३० मध्ये पाचवीत असतील. त्या वर्षी रमजान जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. एकाच वर्षाच्या पट्टीवर रमजानचा तुकडा दोनदा का चिकटवावा लागतो, ते तीच मुलं तेव्हाच्या पहिलीला समजावून सांगू शकतील.