कापडाचे पंख आणि सोलापूरचं ऊन

सोलापूरच्या पूर्व भागातला कुठलाही मागवाला कापडाची पारख रीड-पीकवरून करतो. इंचात उभे धागे किती, आडवे किती, बस्स. जुन्या विमानांच्या कापडी पंखांना लागणाऱ्या ‘ए ग्रेड’ सुती कापडाचा हिशेबही याच भाषेतला आहे. उभे-आडवे दोन्हीकडून इंचाला ८० ते ८४ धागे, आणि एक इंच रुंद पट्टीने सुमारे ३६ किलोचा ओढा सोसलाच पाहिजे. ऊन-पाऊस खाऊन ही ताकद २५ किलोच्या आसपास उतरली की कापड बाद.

जुन्या लष्करी विमानांचे वेडे एकत्र आले की गप्पा स्पिटफायर आणि हरिकेनच्या वेगावर जातात. माझा जीव मात्र टायगर मॉथवर आहे. एकावर एक दोन पंख, दोन उघड्या बैठका, १३० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन. ब्रेक नाहीत, सेल्फ-स्टार्टर नाही, कुणीतरी पुढे उभं राहून पंखा हाताने फिरवायचा. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी हे ब्रिटिश विमान पहिल्यांदा उडालं आणि पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या हजारो वैमानिकांनी, आपल्या हवाई दलातल्यांनीसुद्धा, त्यावर श्रीगणेशा केला. हवाई दलाने जपलेलं एक टायगर मॉथ २०१२च्या हवाई दल दिनाला दिल्लीजवळच्या हिंडन तळावर पुन्हा उडालंही.

याचा पंख म्हणजे लाकडी सांगाडा आणि वर ताणलेलं कापड. ते ताणायला ‘डोप’ नावाचं रसायन लावतात. डोप वाळताना आकसतं आणि कापडालाही सोबत आवळून घेतं. चांगल्या पंखावर टिचकी मारली तर शेकलेल्या हलगीसारखा टणक आवाज येतो. त्यावर ॲल्युमिनियमची पूड मिसळलेला चंदेरी थर देतात. तो दिसायला देखणा असतो, पण खरं काम अतिनील किरण परतवण्याचं, कारण सुताचा मोठा वैरी ऊनच. हल्ली बरेच हौशी मालक पॉलिस्टर वापरतात आणि ते चक्क इस्त्री फिरवून आकसवतात. कट्टर मंडळींना ते रुचत नाही. गिरण्यांच्या गावात राहून सुताची बाजू सोडणं जिवावर येतं, पण सोलापूरच्या उन्हात मीही पॉलिस्टरच निवडेन.

एवढ्याशा कापडावर विमान तरतं कसं? भरलेल्या टायगर मॉथचं वजन सुमारे ८२८ किलो आणि पंखांचं क्षेत्रफळ सुमारे २२ चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरमागे फक्त ३७-३८ किलो. उडताना पंखाच्या वर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे वरचं कापड सांगाड्यापासून सुटून वर जायला बघतं. त्याला धरून ठेवतो तो मेणाचा दोरा. पंखातल्या प्रत्येक आडव्या फासळीला कापड ठरावीक अंतरावर या दोऱ्याने शिवलेलं असतं. विमानाचा बराचसा भार अक्षरशः टाक्यांवर असतो!

वेग वाढला की कापड दगा देतं. स्पिटफायरच्या पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या एलेरॉन या, विमान कुशीवर कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या सुरुवातीला कापडी होत्या. जोरदार सूर मारताना ते कापड फुगायचं आणि दांडा हलवायला वैमानिकाला सगळी ताकद लावावी लागायची. १९४१च्या सुमारास त्यांना धातूचा पत्रा आला. भारतात टायगर मॉथची जागा पुढे एचटी-२ या धातूच्या विमानाने घेतली. १९५१ साली उडालेलं हे विमान हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीसाठी डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी घडवलं. कोल्हापूरकडचा हा माणूस जर्मनीत लुडविग प्रांटल या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली वायुगतिकी, म्हणजे वाहत्या हवेचं शास्त्र, शिकून आला होता. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, हे मला खटकतं.

आता समजा, असं एखादं टायगर मॉथ मे महिन्यात भर दुपारी होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर उभं आहे. विमानतळाची उंची सुमारे ४८० मीटर, पारा ४२ अंशांवर. तापलेली हवा विरळ होते. गणित मांडलं तर तिची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेच्या साधारण ८६ टक्के भरते. विमानाच्या लेखी आपण दीड हजार मीटरच्याही वर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर उभे आहोत. इंजिनाला प्राणवायू कमी, पंख्याला पकड कमी, पंखांना उचल कमी, असा तिन्ही बाजूंनी तोटा.

गंमत वेगमापकाची. काही टायगर मॉथच्या दोन पंखांमधल्या खांबावर एक साधी पत्र्याची पाटी असते. समोरचा वारा तिला मागे ढकलतो आणि ती मोजपट्टीवर वेग दाखवते. विरळ हवा पाटीलाही कमी ढकलते आणि पंखालाही, म्हणून चाकं सुटतात ती पाटी नेहमीच्याच आकड्यावर आल्यावर. जमीन मात्र खालून सात-आठ टक्के जास्त वेगाने सरकत असते, आणि त्या वेगाला पोचायला अशक्त इंजिनाला धावपट्टी बरीच जास्त लागते.

वर गेल्यावरही दुपार सुखाने बसू देत नाही. नांगरलेली काळी जमीन तापून हवेचे लोट वर सोडते, तर हिप्परग्याच्या तलावावर पाणी थंड असल्याने ते नसतात, उलट विमान खाली बसल्यासारखं होतं. हलक्या विमानात हा फरक आधी बैठकीला कळतो, काट्यांना नंतर. मोठ्या जेटमध्ये पैसे मोजूनही हे मिळत नाही. हौशी वैमानिक पहाटे उठतात ते म्हणूनच. तेव्हा हवा दाट असते, लोट सुरू झालेले नसतात आणि सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, ज्वारीची रानं सावकाश बघता येतात.

खासगी वैमानिकाचा परवाना काढायला वय किमान १७, दहावी पास, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि निदान ४० तासांचं उड्डाण लागतं. सोलापूरकराला शिकायला बारामतीला जाता येतं. खर्च लाखांत जातो. तिथली शिकाऊ विमानं ब्रेक आणि स्टार्टरवाली आहेत, पण उन्हाळ्यात दुपारच्या उड्डाणाआधी हवेच्या घनतेचं हेच गणित त्यांनाही करावं लागतं.