बंद भट्टीचा हिशेब : कोल्हापूरच्या फौंड्रीची महामारीतली पार्श्वभूमी

साथ आणि तंगी एकत्र येण्याचा अनुभव कोल्हापूरला जुना आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, त्याच सुमारास पावसानेही दगा दिला. संस्थानात शाहू महाराजांनी दुष्काळी कामे काढली, स्वस्त धान्याची दुकाने उघडली, शेतकऱ्यांना तगाई (सरकारी कर्ज) दिली. त्याच प्लेगसाठी ब्रिटिश सरकारने १८९७ चा साथरोग कायदा केला. कोरोनासाठी महाराष्ट्राने १३ मार्च २०२० ला लागू केला तो हाच कायदा.

दरम्यान जिल्ह्याचा धंदा पार बदलला होता. शेतीपंपाच्या डिझेल इंजिनांवर वाढलेली कोल्हापुरातल्या उद्यमनगरची फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा धंदा, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशी पसरली आणि वाहनउद्योगाला कास्टिंग (ओतीव भाग) पुरवू लागली. २०१९ मध्येच वाहनांची मागणी घटली होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहनांच्या धुराचे नवे निकष लागू होणार होते, म्हणून जुन्या मॉडेलच्या ऑर्डरी आधीच आटत होत्या. टाळेबंदी आली ती अशा अशक्त धंद्यावर.

फौंड्री शटर ओढून बंद करता येत नाही. इंडक्शन (विजेवरच्या) भट्टीतला रस, म्हणजे वितळलेला धातू, पूर्ण ओतून काढावा लागतो. तो आत गोठला तर फोडून काढताना लायनिंगही (भट्टीच्या आतले उष्णतारोधक अस्तर) जाते. भट्टी रिकामी झाल्यावरही कॉइलचे (भट्टीभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्याचे) पाणी लायनिंग थंड होईपर्यंत कित्येक तास फिरते ठेवावे लागते. थंड होताना लायनिंगला चिरा पडतात. पुन्हा सुरू करताना हळूहळू तापवले तर बारीक चिरा मिटतात, घाई केली तर रस त्यांतून कॉइलकडे जातो. साच्याच्या ओल्या वाळूत साधारण ३ ते ४ टक्के ओल लागते. महिनाभर पडून राहिलेली वाळू कोरडी होते, साचा ढासळतो, कास्टिंगमध्ये वाळू अडकते. कोणी जास्त पाणी मारले की वाफेने पोकळ्या. त्यामुळे परवानगी मिळाली तरी पहिल्या काही हीटमध्ये (भट्टीच्या खेपांत) रिजेक्शन, म्हणजे माल बाद होणे, ठरलेले. त्यात साचे करणारे परप्रांतीय कामगार मे महिन्यात श्रमिक रेल्वेने गावी निघाले होते.

खर्च मात्र थांबला नाही. उद्योगांच्या वीजबिलातला स्थिर आकार (वापर नसला तरी लागणारी रक्कम) तीन बिलांपुरता पुढे ढकलला गेला, माफ झाला नाही. बँकेच्या हप्त्यांचेही तेच. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिने हप्ते न भरण्याची सवलत (मोरेटोरियम) दिली, पण व्याज चढतच राहिले. १ कोटीच्या कर्जावर १० टक्क्यांनी सहा महिन्यांचे सरळ व्याज ५ लाख. चक्रवाढीने त्यावर सुमारे १०,५०० रुपये. केंद्राने २ कोटींपर्यंतच्या कर्जदारांना नंतर परत दिले ते हे वरचे साडेदहा हजार. पाच लाख देणे होतेच. 'मोरेटोरियम' म्हणजे माफी, असे धरून चाललेल्यांना हा फरक महागात पडला.

मे २०२० मधली सरकारी हमीची कर्जयोजना म्हणजे एका अर्थी नवी तगाईच. २९ फेब्रुवारीच्या येणेबाकीच्या २० टक्के, तारण नाही, मुदत चार वर्षे, पहिले वर्ष मुद्दल नाही. १ कोटी बाकी असणाऱ्याला २० लाख मिळाले. वर्षानंतर ३६ हप्ते, दरमहा सुमारे ५५,५०० मुद्दल आणि वर व्याज. ज्याने हे पैसे स्क्रॅप, पिग आयर्न (कच्चे लोखंड) आणि पगारात घातले, त्याच्याकडे ते फिरून परत आले. ज्याने जुनी देणी भागवली, त्याचे नुसते कर्ज वाढले.

अडकलेले पैसे खरे तर गिऱ्हाइकाकडे होते. २००६ च्या कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण एकाच कंपनीवर चालणारा फौंड्रीवाला तक्रार करून ऑर्डर घालवत नाही. मोटारींचे काम थांबले तेव्हा शेतीची कामे चालू होती, म्हणून ट्रॅक्टरची मागणी आधी परतली. ज्यांच्याकडे दोन्हीचे पॅटर्न (साचा करण्याचे नमुने) होते, त्यांच्या भट्ट्या लवकर तापल्या.

आणि हमीच्या कर्जाचे हप्ते सुरू व्हायची वेळ २०२१ च्या मध्याला आली. २२ एप्रिलपासून मोजके उद्योग वगळता इतरांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला गेला, तसे गॅस कटिंग थांबले. कच्चा माल महागला होता. जुलैत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले, तयार माल गोदामात अडकला.