अणुवीज प्रकल्पांच्या बांधकामातील जोखीम आणि नियमन : विदर्भाच्या संदर्भात

अणुवीज प्रकल्प उभारताना काय चुकू शकते, त्या चुकीचा परिणाम अणुभट्टीच्या पुढील अनेक दशकांच्या सुरक्षिततेवर कसा होईल आणि दोष आढळल्यास काम कोणी, कोणत्या टप्प्यावर व कोणाच्या खर्चाने थांबवायचे, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवून ठेवण्याच्या पद्धतीला बांधकामातील जोखीम-व्यवस्थापन म्हणतात. नियमन ही त्याच पद्धतीची दुसरी बाजू होय. बांधणाऱ्याने ठरवलेले थांबे पुरेसे आहेत की नाहीत, हे त्याच्या नफ्या-तोट्याशी संबंध नसलेल्या यंत्रणेने तपासायचे असते.

विदर्भात अणुवीज केंद्र नाही. महाराष्ट्रातील एकमेव केंद्र पालघर जिल्ह्यात तारापूर येथे असून त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. तरीही हा विषय येथे अगदी परका नाही. अणुखनिज निदेशालयाचे मध्य विभागीय कार्यालय नागपुरात आहे, आणि नागपूर, भंडारा व गोंदिया यांच्या उत्तरेला, सिवनी व बालाघाट ओलांडल्यावर लागणाऱ्या मंडला जिल्ह्यात चुटका येथे ७०० मेगावॉटच्या दोन भट्ट्या नियोजित आहेत. केंद्र सरकारने २०१७ मध्ये एकाच वेळी मंजूर केलेल्या दहा भट्ट्यांपैकी त्या दोन होत. शिवाय चंद्रपूर, कोराडी, तिरोडा, पारस येथील औष्णिक केंद्रे आणि गोसीखुर्द धरण यांच्यामुळे मोठे बांधकाम म्हणजे काय, ते लांबले म्हणजे काय होते, हे येथील गावांनी जवळून पाहिलेले आहे.

जागेची निवड : पहिली मोठी जोखीम कागदावरच असते. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या निकषांनुसार भारतीय मानकांच्या भूकंप-नकाशातील पाचव्या विभागात, किंवा पुन्हा हलण्याची शक्यता असलेला भूस्तरभंग (जमिनीखालील खडकांतील मोठी भेग) पाच किलोमीटरच्या आत असेल तेथे, भट्टी उभारता येत नाही. विदर्भाचा बराचसा भाग या नकाशावर कमी धोक्याच्या विभागात येतो. परंतु नकाशावर विसंबून राहणे किती महागात पडते हे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीने दाखवले. तो परिसर त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. पुढे २००२ मध्ये मानक सुधारताना तो विभागच काढून टाकण्यात आला. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला झालेला भूकंप तर चुटक्याच्या शेजारचाच म्हणावा लागेल. म्हणूनच अणुवीज प्रकल्पासाठी विभागाचा सर्वसाधारण आकडा पुरत नाही. त्या विशिष्ट जागेचा स्वतंत्र अभ्यास करून सुमारे दहा हजार वर्षांतून एकदा संभवणारा हादरा संकल्पनात, म्हणजे डिझाइनमध्ये, धरावा लागतो.

पाण्याच्या बाबतीत विदर्भातील वाचकाला अधिक सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वैनगंगेकाठची गावे पाण्याखाली गेली, त्यास पावसाइतकाच वरच्या अंगाच्या मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून आणि पुढे गोसीखुर्दातून सोडलेला विसर्गही कारणीभूत होता. नदीकाठच्या वा तलावाकाठच्या प्रकल्पाचे मूल्यमापन करताना नेमका हाच प्रश्न विचारतात : अतिवृष्टी आणि वरच्या धरणाचे दरवाजे उघडणे किंवा धरण फुटणे, या गोष्टी एकत्र आल्या तर पाणी कोठवर चढेल? गुजरातमधील काकरापार केंद्रात जून १९९४ मध्ये या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष मिळाले. जोरदार पावसात शेजारच्या तलावाची पातळी वाढली, दरवाजे वेळेवर उघडले गेले नाहीत आणि टर्बाइनच्या इमारतीत पाणी शिरले. भट्टी त्या वेळी बंद होती. उलट बाजूची जोखीमही तितकीच खरी आहे, कारण बंद केलेल्या भट्टीलाही थंड ठेवण्यासाठी पाणी लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातील जलाशयांत किती पाणी उरते हे सर्वज्ञात आहे.

संमतीचे टप्पे : भारतात अणुवीज प्रकल्पाला एकच परवाना मिळत नाही. जागा, बांधकाम, कार्यान्वयन आणि नियमित उत्पादन अशा टप्प्यांनी संमती मिळते आणि बांधकामाचेही पुन्हा पोटटप्पे पडतात : पायाचे खोदकाम, पहिले काँक्रीट ओतणे आणि मुख्य यंत्रसामग्रीची उभारणी. प्रत्येक टप्प्यापूर्वी प्रकल्पाचा सुरक्षा-अहवाल तज्ज्ञांच्या समित्यांमध्ये, एकीवर एक अशा स्तरांनी, तपासला जातो. खोदकामानंतर प्रत्यक्ष दिसलेला खडक आणि आधी बोअर मारून मांडलेला अंदाज जुळतो का, हे न पाहता काँक्रीटला परवानगी मिळत नाही. काळ्या मातीच्या प्रदेशात घर बांधणारा माणूसदेखील मुरूम किंवा खडक लागेपर्यंत पाया खणतो, कारण ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. येथे फरक इतकाच की ‘खडक लागला’ हे गवंड्याच्या पहारेच्या आवाजावरून ठरत नाही. हरियाणातील गोरखपूर प्रकल्पात गाळाच्या सैल जमिनीची सुधारणा करण्यातच मोठा काळ गेला.

काँक्रीटचे उदाहरण थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. विदर्भातील कोणत्याही गावात मे महिन्यात स्लॅब पडतो तेव्हा मिक्सरमध्ये रेती, गिट्टी आणि सिमेंट घमेल्यांनी मोजून जाते, पण पाणी बहुधा नजरेनेच पडते. उन्हात माल घट्ट होऊ लागला की मिक्सरवरचा माणूस आणखी अर्धी बादली ओततो, माल सरसर वाहू लागतो आणि सर्वांनाच बरे वाटते. त्या अर्ध्या बादलीने काँक्रीटची ताकद कमी होते, आणि पुढे कितीही दिवस तराई केली तरी ती भरून निघत नाही. अणुवीज प्रकल्पात पाण्याचे वजन होते, गिट्टीतील ओलावा मोजून तेवढे पाणी वजा केले जाते, मालाचे तापमान उतरवण्यासाठी पाण्याच्या जागी बर्फाचा चुरा घातला जातो आणि मोठे ओतकाम शक्यतो रात्री केले जाते. प्रत्येक ओतकामाचे पंधरा सेंटिमीटर बाजूचे ठोकळे सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी दाबून फोडले जातात. परंतु अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत त्याच्यावर आणखी थर चढलेले असतात, आणि येथेच ‘होल्ड पॉइंट’ची गरज स्पष्ट होते. सळयांची बांधणी, सेंट्रिंग, आत ठेवलेल्या लोखंडी चौकटी आणि प्रीस्ट्रेसिंगच्या (ताणलेल्या पोलादी तारांनी काँक्रीट आवळून धरण्याच्या) नळ्या तपासून जबाबदार माणसाची सही होईपर्यंत काम पुढे जात नाही. एकदा काँक्रीट पडले की आतले काही दिसत नाही. उरते ती फक्त नोंद.

कैग्याचा घुमट : भारतातील सर्वांत बोलके उदाहरण कर्नाटकातील कैगा येथील आहे. १३ मे १९९४ रोजी पहिल्या भट्टीच्या आतील आवरण-घुमटाचा (किरणोत्सार बाहेर जाऊ न देणाऱ्या इमारतीच्या छताचा) खालचा थर, बांधकाम चालू असतानाच, सुटून कोसळला. काही कामगार जखमी झाले. भट्टीत इंधन नव्हते, त्यामुळे किरणोत्साराचा प्रश्न उद्‌भवला नाही. घुमट काँक्रीटचा असून त्याला आतल्या पोलादी तारा ताणून प्रीस्ट्रेस दिलेला होता. वक्र पृष्ठभागात अशा तारा ताणल्या की त्या काँक्रीटला जाडीच्या दिशेने ओढू लागतात, आणि घुमटातील मोठ्या छिद्रांमुळे तारा तेथे वळवाव्या लागल्याने हा ताण अधिक अवघड झाला होता. चौकशी, नवे संकल्पन आणि अधिक ताकदीच्या काँक्रीटने पुन्हा बांधणी, असा मार्ग घ्यावा लागला. तशाच रचनेच्या राजस्थानातील भट्ट्यांचे कामही अडले. कैग्याची दुसरी भट्टी मार्च २००० मध्ये आणि पहिली नोव्हेंबर २००० मध्ये व्यापारी उत्पादनात आली. येथे गवंड्याचा हात चुकला नव्हता, हिशेब आणि तपासणी अपुरी पडली होती. म्हणून या घटनेनंतर संकल्पनाच्या स्वतंत्र तपासणीला आलेले महत्त्व केवळ औपचारिक मानता येत नाही.

खर्च आणि विलंब : नियामकाच्या थांब्यांमुळे प्रकल्प लांबतात, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती अर्धवट खरी आहे. फिनलंडमधील ओल्किलुओटो येथील तिसऱ्या भट्टीचे काम २००५ मध्ये सुरू झाले, २००९ मध्ये ती सुरू व्हायची होती, नियमित उत्पादन २०२३ मध्ये सुरू झाले. मात्र काम सुरू झाले तेव्हा तपशीलवार नकाशे पुरे झालेले नव्हते आणि पुरवठादारांना अणुप्रकल्पाच्या दर्जाची सवय राहिलेली नव्हती. काकरापारच्या तिसऱ्या भट्टीचे पहिले काँक्रीट २०१० मध्ये पडले आणि व्यापारी उत्पादन २०२३ मध्ये सुरू झाले. ७०० मेगावॉट रचनेची ती देशातील पहिलीच भट्टी होती, आणि पहिलेपणाची किंमत बहुधा पहिल्यालाच द्यावी लागते. गोसीखुर्दचा पायाभरणी समारंभ १९८८ मध्ये झाला तेव्हा अंदाजे खर्च ३७२ कोटी रुपये होता आणि पुढे तो १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. तेथे कोणतेही अणुनियामक मंडळ नव्हते. भूसंपादन, पुनर्वसन, अपुरे सर्वेक्षण आणि तुकड्यातुकड्यांनी मिळणारा निधी एवढी कारणे कोणताही प्रकल्प रखडायला पुरेशी असतात.

नियामकाचे स्थान : नियामक मंडळाची स्थापना १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली, पण ती केवळ सरकारी आदेशाने; आणि ज्या अणुऊर्जा आयोगाच्या अखत्यारीतील प्रकल्पांवर देखरेख ठेवायची त्याच आयोगाला ते उत्तरदायी होते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात या रचनेवर बोट ठेवले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला आणि खाजगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडले. त्याच कायद्याने अणुअपघातांबाबतच्या २०१० च्या नुकसानभरपाई कायद्यातील, सदोष सामग्रीबद्दल पुरवठादाराकडून वसुली करण्याची खास तरतूद मात्र गळाली. दोषाचा खर्च कोणी सोसायचा हे आता मुख्यतः करारातून ठरेल, त्यामुळे बांधकामाच्या टप्प्यावरील तपासणीचे वजन वाढते.

गाव आणि मजूर : केंद्राच्या भोवती साधारण एक किलोमीटरच्या वर्जित क्षेत्रात वस्ती ठेवता येत नाही आणि आणीबाणीचे नियोजन १६ किलोमीटरपर्यंत करावे लागते. पर्यावरण-परिणामाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते. अनुसूचित क्षेत्रात, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, तेथील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि ग्रामसभाही पुढे येते. चुटक्याच्या परिसरातील अनेक गोंड कुटुंबे बरगी धरणाने एकदा उठवलेली होती. त्यांच्या विरोधामुळे २०१३ मध्ये जनसुनावणी पुढे ढकलावी लागली, याचे आश्चर्य गोसीखुर्दच्या प्रकल्पग्रस्ताला वाटणार नाही. प्रकल्प-अहवालांतील जोखमीच्या तक्त्यांत ‘स्थानिक विरोध’ ही एक ओळ असते. तिच्यामागचा जुना अनुभव बहुधा त्या ओळीत मावत नाही.

बांधकाम चालू असताना माणसाला असलेला मुख्य धोका किरणोत्साराचा नसतोच. तो उंचीवरून पडण्याचा, क्रेनखाली सापडण्याचा आणि विजेच्या धक्क्याचा असतो. अणुऊर्जा विभागाच्या प्रकल्पांत कामगारांच्या सुरक्षेवरील देखरेखही नियामक मंडळाकडे दिलेली आहे, आणि परांचीच्या फळ्या बांधलेल्या नसतील किंवा सुरक्षा-पट्ट्याचा हूक अडकवायला दोर नसेल तर निरीक्षक त्या भागातील काम बंद करू शकतो. असे काम दोन दिवस बंद राहिले तर मुख्य कंपनीचे वेळापत्रक दोन दिवसांनी सरकते. ठेकेदाराने गावातून आणलेल्या सळई-बांधणाऱ्याची त्या दोन दिवसांची मजुरी द्यायची की कापायची, हे उपकंत्राटात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर सैल फळी निरीक्षकाला दाखवण्यापूर्वी तो मजूर दोनदा विचार करतो.