एअर ग्राइंडर की इलेक्ट्रिक? घरगुती वर्कशॉपसाठी खरेदीपूर्वी वाचावे

कॉम्प्रेसरच्या दाबाच्या हवेवर चालणारा एअर ग्राइंडर घेऊन गेलेले काही ग्राहक थोड्याच दिवसांत तो परत आणतात आणि ‘मशिनला दमच नाही’ अशी तक्रार करतात. तोच ग्राइंडर आमच्या दुकानातील हवेच्या लाइनला जोडला की व्यवस्थित चालतो. कॉम्प्रेसरही बिघडलेला नसतो. या कामाला तो अपुरा पडत असतो, इतकेच.

डाय ग्राइंडरच्या, म्हणजे बर (धातू कापणारे छोटे दातेरी टोक) फिरवणाऱ्या ग्राइंडरच्या, खोक्यावर छापलेला 4 सीएफएमसारखा (मिनिटाला किती घनफूट हवा लागते तो) आकडा बहुधा थांबत थांबत केलेल्या वापराची सरासरी असतो. ट्रिगर दाबून धरल्यावर तोच ग्राइंडर 15 सीएफएम किंवा त्याहून अधिक हवा ओढू शकतो, तर 2 एचपीचा घरगुती कॉम्प्रेसर 6 बार दाबाला साधारणपणे 5 ते 7 सीएफएमच देतो. यावर ‘पण टाकी मोठी आहे’ हे उत्तर ठरलेले असते. 50 लिटरच्या टाकीतील दाब 8 बारवरून 6 बारवर येईपर्यंत तिच्यातून सुमारे 100 लिटर मोकळी हवा मिळते आणि 15 सीएफएम म्हणजे मिनिटाला जवळपास 425 लिटर. कॉम्प्रेसर सोबत चालू असला तरी ही शिल्लक अर्धा मिनिटही पुरत नाही. त्यानंतर फेरे उतरतात, बर धातू कापण्याऐवजी नुसता घासू लागतो, आणि आपण हाताचा जोर वाढवला की फेरे आणखी उतरतात.

म्हणूनच एअर ग्राइंडर देण्यापूर्वी आम्ही कॉम्प्रेसरच्या प्लेटचा फोटो मागतो. काहींना ही चौकशी जाचक वाटते, परंतु एकदा तेल आणि पाणी आत गेलेला ग्राइंडर आम्हाला नवा म्हणून विकता येत नाही. प्लेटवर ‘एफएडी’ (कॉम्प्रेसर प्रत्यक्षात देतो ती मोकळी हवा) असे लिहिलेला आकडाच ग्राह्य धरावा. पिस्टनच्या मापावरून काढलेला आकडा नेहमी मोठा दिसतो.

बहुतेक घरगुती कामांना इलेक्ट्रिक ग्राइंडर पुरेसा असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. वेल्ड घासायला आणि पट्टी कापायला 100 मिमीचा अँगल ग्राइंडर, तर बर चालवायला वेग कमी-जास्त करता येणारा सरळ डाय ग्राइंडर घ्यावा. इलेक्ट्रिक ग्राइंडर वजनाला जड असतो, बराच वेळ चालवल्यास तापतो आणि त्याचे कार्बन ब्रश झिजतात. ते ब्रश आमच्याकडे मिळतात. ग्राइंडर घेतानाच एक जोड नेलेला बरा.

ज्यांच्याकडे हवा पुरेशी आहे आणि ज्यांना अडचणीच्या जागी तासन्‌तास काम करायचे आहे, त्यांनी मात्र एअर ग्राइंडरच घ्यावा. तो हलका असतो, अडकून थांबला तरी जळत नाही आणि सतत चालवूनही मोटरसारखा तापत नाही. रोज वापरण्यापूर्वी हवेच्या तोंडात एअर टूलच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत आणि टाकीतील पाणी काढून टाकावे.

दोन्हींपैकी कोणताही डाय ग्राइंडर घेतला, तरी त्यावर अँगल ग्राइंडरची चकती कधीही बसवू नये. 100 मिमीच्या चकतीवर कमाल वेग बहुधा मिनिटाला 15,300 फेरे असा छापलेला असतो, आणि डाय ग्राइंडर अनेकदा 20,000 च्या पुढे फिरतो. डाय ग्राइंडरवर अशी चकती बसवण्याचा अ‍ॅडॉप्टर आमच्याकडे मागितला तरी मिळणार नाही.