ईस्ट इंडियन घरातील ईस्टरचे जेवण : पार्श्वभूमी

मुंबई, साष्टी आणि वसई पट्ट्यातील ईस्ट इंडियन कॅथलिक घरांत ईस्टरच्या रविवारी जे पान वाढले जाते, त्याला सरसकट पोर्तुगीज वारसा म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना वसई मिळाली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. दरम्यानच्या दोन शतकांत इथल्या अनेक कुटुंबांनी धर्म बदलला, परंतु घरातली बोली मराठीच राहिली आणि तांदूळ, नारळ व ताडीही स्वयंपाकातून हटली नाही. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव तर या समाजाने इंग्रजी अमलात, १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी घेतले.

या पानाचा उलगडा आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातून होतो. मध्ययुगीन युरोपात या काळात मांसाबरोबरच अंडी, दूध आणि लोणीही वर्ज्य असे. कोंबड्या मात्र उपवास पाळत नसल्यामुळे अंडी साठत जात आणि सणाच्या दिवशी त्यांचीच रेलचेल होई. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी नियम सैल केले आणि सक्तीचा उपवास राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) व गुड फ्रायडे या दोन दिवसांपुरता उरला. अंड्यांचे स्थान मात्र तसेच राहिले. मार्झिपानचे, म्हणजे सुकामेवा वाटून साखरेत मळलेल्या मिठाईचे, रंगीत अंडे हे त्याचे गोड रूप होय. पोर्तुगालमध्ये ते बदामाचे करतात. इकडे अनेक घरांत बदामाची जागा काजूने घेतली, आणि ते काजूचे झाडही पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेले.

जेवणातला मानाचा पदार्थ म्हणजे सोरपोतेल. डुकराचे मांस, काळीज इत्यादी बारीक चिरून शिरक्यात (व्हिनेगरमध्ये) शिजवण्याची ही रीत पोर्तुगालची असली, तरी तिला इथली चव देतो तो बॉटल मसाला, म्हणजे वर्षभरासाठी कुटून बाटल्यांत भरून ठेवलेला घरचा मिरची-मसाला. शिरक्यामुळे पदार्थ टिकतो आणि मुरल्यावर अधिक रुचकर लागतो. शनिवारी रात्री उशिरापर्यंत चर्चमध्ये थांबणाऱ्या घराला याहून सोयीचे काय असणार? ईस्टर नेहमी २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो, आणि मिरच्या उन्हात वाळवून वर्षाचा मसाला कुटण्याची लगबगही त्याच सुमारास सुरू होते.

सोरपोतेलाबरोबर फुगे हवेतच. मैदा, अंडी आणि नारळाचे दूध ताडीत आंबवून, मुठीतून पिळून काढलेले गोळे तेलात तळले जातात. पूर्वी भट्टी बेकरीत असे, घरात नसे. त्यामुळे सणाचा पाव तळणीत गेला असावा, असे मला वाटते. रवा, नारळ, बदाम आणि अंड्यांचे ‘थाली स्वीट’ मात्र भाजावेच लागे आणि त्यासाठी भांड्याखाली व झाकणावर निखारे ठेवत. ओव्हन आल्यावर ती खटपट संपली. ताडी सहज मिळेनाशी झाल्यावर बऱ्याच घरांत फुग्यांसाठीही यीस्ट वापरू लागले, आणि त्यांची मूळची किंचित आंबूस चव उतरली.