करपलेल्या साखरेची करामत

'ग्राफीन बॅटरी, पाच मिनिटांत फुल चार्ज!' अशी जाहिरात दर थोड्या महिन्यांनी नव्याने फिरते. ग्राफीन म्हणजे कार्बनचाच अतिपातळ पापुद्रा. वाचणाऱ्याला वाटतं, कार्बन घातला की बॅटरीत जास्त वीज मावते. कॅथोडवर, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाच्या पदार्थावर, दिलेल्या कार्बनच्या लेपाबाबत हे साफ चूक आहे. तो लेप लिथियमचा एक आयनही जास्तीचा साठवत नाही, उलट थोडी जागा आणि वजन खातो. तरीही तो नसता, तर लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी हा कॅथोडचा पदार्थ, प्रयोगशाळेतच पडून राहिलं असतं.

१९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात अक्षय पाढी, जॉन गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी हे संयुग कॅथोड म्हणून पुढे आणलं. लोह आणि फॉस्फेट, दोन्ही मुबलक. फॉस्फरस-ऑक्सिजनचा बंध पक्का, त्यामुळे तापलं तरी ऑक्सिजन सहजी सुटत नाही. पण साठवणक्षमता ग्रॅमला १७० मिलीअँपिअर-तास असायला हवी, तिथे अगदी संथ चार्ज करूनही सुमारे ६० टक्केच हाती लागली.

अडचण इलेक्ट्रॉनची होती. चार्ज होताना लिथियम आयन कणातून बाहेर पडतो, त्याच वेळी लोहाचा एक इलेक्ट्रॉनही बाहेर पडावा लागतो. एकट्याने कुणालाच निघता येत नाही, विद्युतभाराचा हिशेब जुळावा लागतो. आयनाला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीतला आयन वाहून नेणारा द्रव, चहूबाजूंनी भेटतो. इलेक्ट्रॉनला मात्र वाहक भुकटीचा कण जिथे टेकला असेल तेवढाच दरवाजा, आणि एलएफपीची वाहकता आधीपासून कॅथोडसाठी वापरल्या जाणाऱ्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या साधारण लाखपट कमी. म्हणजे दरवाजापर्यंत पोहोचायचीच मारामार.

१९९९ मध्ये नताली राव्हे, मिशेल आर्मां वगैरेंनी कणांवरच कार्बनचा थर चढवला. कृती गमतीदार आहे. कच्च्या मालात साखर मिसळायची आणि नायट्रोजन किंवा आर्गॉनमध्ये सुमारे ७०० अंशांपर्यंत तापवायचं. ऑक्सिजन नसल्याने साखर जळून जात नाही, करपते. पाणी उडून जातं, मागे काही नॅनोमीटर जाडीचा कोळसा उरतो आणि कणाच्या सगळ्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनसाठी वाट तयार होते. शिवाय भट्टीत हाच कार्बन लोहाला आणखी एक इलेक्ट्रॉन गमावून फेरिक होऊ देत नाही आणि कण एकमेकांना चिकटून मोठे होण्यापासून रोखतो. कण लहान राहिला की आतला प्रवासही छोटा. एका साखरेत तीन कामं!

तापमानाचं गणित मात्र नाजूक. कमी पडलं तर कार्बनचे अणू षटकोनी जाळीत नीट बसत नाहीत, हायड्रोजन अडकून राहतो आणि थर नावापुरताच वाहक होतो. जास्त झालं तर कार्बन फॉस्फेटमधला ऑक्सिजन ओढून लोहाचं फॉस्फाइड बनवतो. ते वीज वाहतं, पण लिथियम साठवत नाही. २००२ मध्ये एका गटाने परक्या धातूची भर घालून एलएफपीची वाहकता कोटीपटींनी वाढल्याचं सांगितलं, तेव्हा श्रेय त्या धातूचं की असल्या फॉस्फाइडच्या जाळ्याचं, यावर चांगलीच जुंपली होती. थर जाड झाला तर आयनाचीच वाट अडते, म्हणून कार्बन वजनाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास ठेवतात.

मग निकेलयुक्त ऑक्साइडच्या कॅथोडलाही हाच लेप का देत नाहीत? निकेलचं ऑक्साइड बनवायला ऑक्सिजन लागतो, त्यात कार्बन जळून जातो. ऑक्सिजन बंद करावा, तर तापलेला कार्बन ऑक्साइडमधलाच ऑक्सिजन पळवतो. तिथे ॲल्युमिनासारख्या (ॲल्युमिनियमच्या) ऑक्साइडचा पातळ लेप देतात. त्याचं काम वीज वाहणं नाही, इलेक्ट्रोलाइटपासून पृष्ठभाग वाचवणं हे आहे.