गच्चीवरच्या हिरवळीचा भाव

आमच्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरींच्या घरी खिळ्याला टांगलेली असते. पापड वाळवायला, कोजागरीला आणि टाकीचा बॉलकॉक अडकला की ती खाली येते. गेल्या सभेत कुणीतरी विचारलं, "वर छान बाग करू या का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. "मग महिन्याला मेंटेनन्समध्ये किती वाढवायचे?" या पुढच्या प्रश्नाला पहिल्या मजल्यावरचे काका चपला शोधू लागले.

मान डोलावणं आणि खिशात हात घालणं यांच्यातलं अंतर मोजणं हा पर्यावरण-अर्थशास्त्राचा एक मोठा उद्योग आहे. मेथीच्या जुडीला मंडईत भाव असतो. छतावरून येणाऱ्या गारव्याला आणि खिडकीतून दिसणाऱ्या हिरवाईला तो नसतो. मग काढायचा कसा?

सरळ मार्ग म्हणजे लोकांनाच विचारणं. २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्सॉन व्हाल्डेझ हे जहाज खडकावर आदळलं आणि समुद्रात तेल पसरलं. असा अपघात पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही एकदाच किती द्याल, असं अमेरिकेतल्या कुटुंबांना विचारलं गेलं. यातल्या बहुतेकांनी तो किनारा कधी पाहिलेला नव्हता. मधला आकडा आला सुमारे ३१ डॉलर. देशभराचा हिशेब २८० कोटी डॉलरच्या घरात गेला. यावर इतका वाद झाला, की केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेलविजेत्यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट बसला. त्यांनी १९९३ मध्ये सांगितलं, की "किती द्याल?" असं मोघम विचारू नका. एक रक्कम सांगा, मतदानासारखं हो किंवा नाही घ्या, आणि हे पैसे तुमच्या दुसऱ्या कुठल्या तरी खर्चातून जाणार आहेत याची आठवण करून द्या. आमच्या सभेत ही आठवण आपोआपच झाली.

दुसरा मार्ग न विचारता बघण्याचा. ग्रिलमधली तुळस, फुटक्या बादलीतला कढीपत्ता, रविवारी नर्सरीतून रिक्षाने आणलेला मोगरा, कोकोपीटच्या विटा: हा खर्च कुणी सक्तीने करत नाही. शिवाय एक गंमत आहे. वॉटरप्रूफिंगसाठी गच्चीवरच्या कुंड्या हलवा म्हटलं, की बागेला दोनशे रुपये न देणारी माणसंसुद्धा भांडायला उठतात. कॉफीच्या मगांवर झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात, हाती आलेला मग विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत ही घेणाऱ्यांच्या तयारीच्या दुपटीहून जास्त निघाली होती. बागेचंही तसंच. नसताना तिचा भाव वेगळा, असताना वेगळा.

पण गच्चीच्या बाबतीत खरी अडचण मजल्यांची आहे, आणि तिच्या मुळाशी भौतिकशास्त्र आहे. शिकागोचं नगरभवन आणि शेजारचं काउंटीचं कार्यालय हे एकाच इमारतीचे दोन अर्धे. नगरभवनाच्या छतावर बाग, शेजारच्या छतावर काळं डांबरी आवरण. ऑगस्ट २००१ मधल्या एका तापलेल्या दिवशी काळं छत ७६ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं. बागेतल्या जागा ३३ ते ४८ अंशांवर राहिल्या. सावली आणि मातीचा थर ही कारणं आहेतच, पण बाष्पीभवनाचा वाटाही मोठा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख जूल उष्णता शोषली जाते. हजार वॅटचा हीटर चाळीस मिनिटं चालवला तर जेवढी निघेल तेवढी. मात्र हा गारवा छताला चिकटलेल्या मजल्यालाच मिळतो. पहिल्या मजल्यावरच्या काकांचा पंखा आहे त्याच वेगाने फिरणार. त्यांची चपलांची शोधाशोध आळशीपणाची नव्हती, तो बिनचूक हिशेब होता.

वरच्या मजल्यावरच्यांना उकाड्याइतकीच भीती गळतीची आणि मातीच्या वजनाची. ती अगदीच अनाठायी नाही. माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी आपल्याकडचं मानक चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो, लाइव्ह लोड (छताच्या स्वतःच्या वजनाखेरीज त्यावर येणारा माणसा-सामानाचा भार) धरायला सांगतं. लाल मातीचा दहा सेंटीमीटरचा भिजलेला थरच त्याहून जड भरतो. म्हणून हलकं मिश्रण, मुळं रोखणारा पडदा, निचऱ्याचा थर हे सगळं हवं, आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला.

जर्मनीत हिरव्या छतांचं कौतुक पावसाचं पाणी धरून ठेवण्यासाठी होतं. मुंबईत ते जपूनच करावं. असा पातळ थर चौरस मीटरमागे फार तर तीस-चाळीस लिटर धरेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला पडले ९४४ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरवर ९४४ लिटर. जूनची पहिली सर तो शोषेल, जुलैत तो आधीच तुडुंब असेल, आणि मे महिन्यात त्याला पाणी घालायला टँकर लागेल.

टोरांटोने २००९ मध्ये हा गुंता कायद्याने सोडवला. दोन हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या इमारतींना छताचा काही भाग हिरवा करणं सक्तीचं झालं. त्यात सूट हवी असेल तर कमी पडलेल्या दर चौरस मीटरमागे २०० कॅनेडियन डॉलर भरायचे. नगरपालिकेने ठरवलेला भाव, पण निदान भाव तरी.

मेलबर्न विद्यापीठात एक साधा प्रयोग झाला होता. कंटाळवाणं काम करणाऱ्या दीडशे विद्यार्थ्यांना मध्येच चाळीस सेकंद एका छताचं चित्र दाखवलं. काहींना फुललेल्या गवताचं, काहींना उघड्या काँक्रीटचं. हिरवं छत पाहिलेल्यांच्या पुढच्या चुका कमी झाल्या. यात त्या छतावर कुणी गेलं नाही, ते कुणाच्या मालकीचं हेही विचारलं नाही. फक्त वरून पाहिलं.

आमची इमारत चार मजल्यांची. समोर आता बावीस मजली टॉवर उभा आहे. आमची गच्ची, म्हणजे तीन सिंटेक्सच्या टाक्या, एक मोडकं कपाट आणि कुणाचं तरी जुनं वॉशबेसिन, रोज सकाळी चहा पिताना तिथली माणसं बघतात. त्यांना सभेची नोटीस गेली नव्हती.